इंग्रजीचा शिक्षक व्हायचंय? मग सराव पाठात अनुवाद करू नका

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे शिक्षक लागतातच. बी.ए.ला स्पेशल विषय इंग्रजी घ्या. विषयाच्या जागेसाठी पदवीचा विषय पाहतात, अनिवार्य इंग्रजीवर विसंबू नका. पदवीला खुल्या प्रवर्गाला ५० टक्के, राखीवला ४५ टक्के गुण हवेत. मग बी.एड.ची सीईटी. महाविद्यालय इंग्रजी माध्यमाचे हवे असेल तर अर्ज भरतानाच ईएलसीटीचाही, म्हणजे इंग्रजी भाषेच्या चाचणीचाही, पर्याय निवडा. प्रवेश मिळाला की अध्यापन पद्धतीत, म्हणजे जो विषय शिकवायला शिकायचा त्यात, इंग्रजी घ्या.

खरी अडचण सराव पाठात, म्हणजे बी.एड. करताना शाळेत घ्यायच्या तासांत, येते. मराठी माध्यमाच्या आठवीच्या वर्गात प्रशिक्षणार्थी एक ओळ इंग्रजीत वाचतो, लगेच तिचे मराठी करतो आणि विचारतो, ‘समजलं का?’ सगळा वर्ग ‘हो’ म्हणतो. तास संपतो, मुलांच्या तोंडून एकही इंग्रजी वाक्य निघालेले नसते. मराठी अर्थ मिळणारच हे कळल्यावर मुले इंग्रजी ओळ ऐकायचीच बंद करतात. ‘आधी सगळं मराठीत समजावून सांग’ हा सल्ला स्टाफरूममध्ये हमखास मिळेल. तो मानू नका.

मराठी वापरायची ती चूक कुठून येते हे दाखवायला. ‘मी हा सिनेमा गेल्या वर्षी पाहिला आहे’ हे मराठीत चालते. म्हणून मूल बेधडक ‘आय हॅव सीन इट लास्ट इयर’ म्हणते. नियम पाठ करून ही सवय जात नाही. दोन्ही भाषांतली वाक्ये फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि दाखवा, की इंग्रजीत गेलेली नेमकी वेळ सांगितली की ‘हॅव’ जाते: ‘आय सॉ इट लास्ट इयर’. एवढ्यापुरती मराठी, पुढे इंग्रजीच.

‘समजलं का?’ऐवजी वाक्याला धरून, एका शब्दात उत्तर येईल असे विचारा: कधी पाहिला ते सांगितलंय का? मग ‘हॅव’ येईल का? हे तपासणीचे प्रश्न पाठाच्या टाचणात शब्दशः लिहून ठेवा. ऐनवेळी सुचत नाहीत आणि तोंडात पुन्हा ‘समजलं का?’ येते.

३५ मिनिटांची वाटणी अशी ठेवा: उजळणी ५, उदाहरणे ८, तपासणीचे प्रश्न ५, जोडीने बोलणे १२, चुका फळ्यावर ५. निरीक्षक बसले की पहिली काट जोडीच्या कामावर पडते, कारण गोंगाट होतो. ती १२ मिनिटे सोडू नका. मुले इंग्रजी बोलतात ती तेवढ्यातच. सूचना मात्र जोड्या लावण्याआधी द्या, आणि एका मुलाबरोबर करून दाखवा. नंतर दिलेली सूचना कोणी ऐकत नाही.

बी.एड.नंतर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. सहावी ते आठवीसाठी तिचा दुसरा पेपर १५० गुणांचा. त्यात इंग्रजी भाषेला फक्त ३० गुण, आणि सामाजिक शास्त्र किंवा गणित-विज्ञानाला ६०. इंग्रजीचे उमेदवार अडकतात ते इथे. सामाजिक शास्त्र घ्या आणि आधी त्याचीच शालेय पुस्तके वाचा. पास व्हायला खुल्या प्रवर्गाला ९० गुण लागतात.

पुढे टेट, म्हणजे भरतीसाठीची शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी: २०० प्रश्न, १२० मिनिटे. १२० प्रश्न अभियोग्यतेचे, ८० बुद्धिमत्तेचे. घड्याळ लावून सराव करा.

मग पवित्र पोर्टलवर, म्हणजे शासनाच्या शिक्षक भरतीच्या संकेतस्थळावर, शाळांचा प्राधान्यक्रम द्या. मुलाखतीसह भरती करणाऱ्या खासगी संस्था निवडल्यात तर नमुना पाठ घ्यावा लागू शकतो. तिथे कविता घेऊ नका, दहा मिनिटांत अर्धीच राहते. वर दिलेला ‘हॅव’चाच पाठ घ्या, तपासणीच्या प्रश्नांसकट.