पेट्रोल कमी जाळायचंय? सुरुवात जवळच्या फेऱ्यांपासून करा

पर्यावरणाला कमी त्रास देणारा प्रवास म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर आधी इलेक्ट्रिक स्कूटर येते. मग किंमत, मग हप्ता, आणि विषय तिथेच बारगळतो. माझ्या मते गाडी बदलणं हे सगळ्यात शेवटचं काम. त्याआधी जवळपास बिनखर्चात करण्यासारखं बरंच आहे. उदाहरणं पुण्याची देतोय, कारण कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायलाही स्कूटर काढण्यात आमचा हात कोणी धरणार नाही. पण ठाण्या-नाशकातही हिशोब हाच.

१. आठवड्याच्या फेऱ्या लिहून काढा

एक कागद घ्या. कुठे गेलात, किती किलोमीटर, कशाने आणि गाडीवर किती जण, एवढंच लिहा. ऑफिस तर लिहालच, पण दूध, क्लासला सोडणं, बँक, जिम हेही सोडू नका. (जिमला गाडीने जाणाऱ्यांनी ती ओळ जरा ठळक अक्षरात लिहावी.)

आता हिशोब. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. लिटरभर पेट्रोलचं वजन जेमतेम पाऊण किलो, मग वायू इतका कसा? तर पेट्रोलमधला कार्बन हवेतला ऑक्सिजन धरतो, त्याचं हे वजन. समजा रोजचं जाणं-येणं २४ किलोमीटर आहे. ४५ चं ॲव्हरेज देणारी स्कूटर दिवसाला सव्वा किलोच्या आसपास वायू सोडते. १४ चं ॲव्हरेज देणारी कार जवळजवळ चार किलो. कारमध्ये दोघं बसलात तरी माणशी दोन किलो, म्हणजे स्कूटरपेक्षा जास्तच. चौघं बसलात तर कुठे कार स्कूटरच्या खाली येते.

२. दोन-तीन किलोमीटरच्या आतल्या फेऱ्यांवर आधी फुली मारा

अंतर कमी, मग फरक तो काय पडणार, असं वाटतं. पण थंड इंजिन सुरुवातीला जास्त पेट्रोल पितं. शिवाय धूर साफ करणारं सायलेन्सरमधलं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चांगलं तापल्याशिवाय कामच करत नाही. ते तापेपर्यंत तुम्ही वाण्याच्या दुकानापाशी पोचलेले असता. म्हणजे किलोमीटरमागे सगळ्यात घाण धूर याच फेऱ्यांचा.

एक किलोमीटरपर्यंत चालत जा. त्यापुढे सायकल. नवी घ्यायची गरज नाही. पार्किंगमध्ये धूळ खात पडलेली जुनी बाहेर काढा. टायर-ट्यूब वाळून तडकले असतील तर बदला, ब्रेकचे रबर पाहा, चेन फडक्याने पुसून सायकलच्या दुकानातलं चेनचं तेल लावा. खोबरेल लावू नका, त्यावर धूळ बसून काळा चिकटा होतो.

मग सीटची उंची, कारण सायकल सोडणारे बरेच जण गुडघ्याच्या दुखण्याने सोडतात आणि सीट बहुधा खाली असते. भिंतीला धरून सीटवर बसा, टाच पेडलवर ठेवा. पेडल अगदी खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. प्रत्यक्ष चालवताना चवड्याने पेडल मारता, तेव्हा गुडघ्यात हवा तेवढा बाक राहतो. गिअरची सायकल असेल तर चढ लागायच्या आधीच गिअर हलका करा. चढावर जोर लावून बदलायला गेलात की चेन उतरते. मागे कॅरियर, पावसाळ्यासाठी दोन्ही मडगार्ड आणि मागचा लाल दिवा हवाच. घामाची काळजी असेल तर पाठीवरची सॅक कॅरियरवर बांधा. निम्मा घाम तिच्यामुळे येतो.

३. ऑफिसची फेरी मेट्रो-बसवर टाकून बघा

सगळे दिवस नको, आठवड्यातून दोन दिवस ठरवा. २०२२ मध्ये पुण्याची मेट्रो सुरू झाली तेव्हा ती तुकड्यातुकड्यांत धावत होती आणि लोक फोटो काढायला जात. आता वनाज-रामवाडी आणि पिंपरी-स्वारगेट असे दोन मार्ग जिल्हा न्यायालय स्थानकात एकमेकांना छेदतात. कोथरूडहून पिंपरीला जायचं तर वनाजला बसायचं आणि इथे बदलायचं. एक मार्ग वर पुलावर, दुसरा खोल जमिनीखाली. सरकते जिने उतरण्यातच काही मिनिटं जातात, ती आधीच धरा.

खरी अडचण मेट्रोची नसते, स्थानकापासून पुढच्या दीड-दोन किलोमीटरची असते. घर ते स्थानक चालत किंवा सायकलने, स्थानक ते ऑफिस फीडर बस किंवा शेअर रिक्षा, असं दोन्ही टोकांचं आधी ठरवा. पीएमपीच्या, म्हणजे पुण्याच्या शहर बससेवेच्या, बस सीएनजी आणि विजेवर धावतात. बसची वाट बघत ताटकळणं ही जुनी तक्रार, आणि ती खोटी नाही. पण ‘आपली पीएमपीएमएल’ ॲपवर बस कुठवर आली ते दिसतं, तिकीटही निघतं. पहिली चाचणी सुट्टीच्या दिवशी घ्या, म्हणजे उशीर झाला तरी कोणी विचारणार नाही.

बाहेरगावचं थोडक्यात: पुणे-मुंबई रेल्वेने जा. डेक्कन क्वीन १९३० पासून विजेच्याच इंजिनावर धावते आहे. जिथे रेल्वे नाही तिथे एसटी. महिलांना तिथे मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे.

४. गाडी काढावीच लागली तर

कामं एकत्र करा. बँक, औषधं, भाजी एकाच चकरेत, गरम इंजिनावर. आठवड्यातून एकदा हवा तपासा, टायर थंड असताना. आकडा कारच्या दाराच्या चौकटीवर किंवा दुचाकीच्या मागच्या चाकाजवळच्या स्टिकरवर असतो. पंपावरचा मुलगा अंदाजाने भरेल त्यावर जाऊ नका. सिग्नलला ३० च्या वर सेकंद दिसत असतील तर इंजिन बंद. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे.

५. आणि मग इलेक्ट्रिक

जुनी गाडी खरंच थकली असेल तेव्हाच. महाराष्ट्रातली बरीचशी वीज अजून चंद्रपूर, कोराडीसारख्या कोळशाच्या केंद्रांतून येते, त्यामुळे इलेक्ट्रिक गाडी शून्य प्रदूषणाची नाही. तरीही वरच्या २४ किलोमीटरला इलेक्ट्रिक स्कूटरला पाऊण-एक युनिट वीज पुरते आणि त्यामागचा कार्बन पेट्रोल स्कूटरच्या निम्म्याच्या आसपास भरतो. रस्त्यावर धूर नाही, हा फायदा वेगळाच.

बुकिंगच्या आधी सोसायटीत विचारा. पार्किंगपर्यंत वायर तुमच्याच मीटरवरून ओढता येईल का, तिला स्वतंत्र एमसीबी (जास्त वीज खेचली की आपोआप पडणारा खटका) आणि अर्थिंग मिळेल का, खर्च कोणाचा, हे समितीकडून लेखी घ्या. चौथ्या मजल्याच्या खिडकीतून एक्स्टेन्शन बोर्ड खाली सोडायचा विचार असेल तर तो आत्ताच सोडा. वायर ओढता येत नसेल, तर बॅटरी काढून घरात नेता येईल असंच मॉडेल बघा, आणि शोरूममध्ये ती बॅटरी एकदा स्वतः उचलून पाहा. लिफ्ट बंद पडली की ती जिन्याने वर न्यायची आहे.