बॅचलर्स आणि मास्टर्स एका दमात: कॉम्प्युटर सायन्सचा जलद ट्रॅक आखताना या चुका टाळा

विभागाच्या बैठकीत कुणी ‘फोर प्लस वन’चं नाव काढलं की सगळ्यांच्या माना डोलतात. चार वर्षांची बॅचलर्स, वर एक वर्ष, आणि विद्यार्थी मास्टर्स घेऊन बाहेर. नवे प्राध्यापक नकोत, नवे विषय नकोत. दोन्ही अभ्यासक्रम आधीच चालू आहेत, फक्त जोडायचे. सगळी गोम या ‘फक्त’मध्ये आहे. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात अशा ट्रॅकच्या समितीवर मी होतो. पहिल्या तुकडीला आमच्यामुळे जे हेलपाटे पडले, त्यातून शिकलेलं इथे लिहितोय. आकडे तिथल्या सेमिस्टर पद्धतीचे आहेत.

वेळ नेमका कुठे वाचतो, याचा हिशेब न करणं

जलद म्हणजे विद्यार्थी जास्त वेगाने शिकतो असं नाही. बॅचलर्सला साधारण १२० क्रेडिट (विषयाच्या अभ्यासाचं मोजमाप) लागतात, मास्टर्सला ३०. बेरीज १५०. यातले १२ क्रेडिट दोन्हीकडे धरले, तर एकूण १३८ उरतात. वाचलं ते एवढंच: तीन-तीन क्रेडिटचे चार विषय. बाकी सगळं जसंच्या तसं.

मग १२ का, ९ किंवा ६ का नाहीत? आमच्याकडे यावर दोन बैठका वाद झाला, आणि तो तत्त्वाचा वाद असल्यासारखा झाला. खरं तर उलटं गणित मांडलं की उत्तर समोर येतं. १२ सामाईक धरले तर पाचव्या वर्षाला १८ क्रेडिट उरतात, म्हणजे दोन सत्रांत ९ आणि ९. मास्टर्सच्या विद्यार्थ्याचा हा नेहमीचा भार. सामाईक ६ च ठेवले तर उरतात २४, दर सत्राला १२. वर थीसिस असेल तर विद्यार्थी पाचवं वर्ष उन्हाळ्यापर्यंत ओढतो किंवा सहाव्यात शिरतो, आणि माहितीपत्रकावरचा ‘पाच वर्षांत’ हा शब्द खोटा ठरतो.

एकही क्रेडिट सामाईक न धरताही हा खेळ खेळता येतो. स्टॅनफर्डच्या ‘कोटर्म’मध्ये (बॅचलर्सला जोडून मास्टर्स करायची योजना) बॅचलर्सची १८० युनिटं आणि मास्टर्सची ४५ युनिटं वेगवेगळी पुरी करावी लागतात (तिथे क्वार्टर पद्धत आहे, म्हणजे वर्षाचे चार भाग, म्हणून आकडे मोठे). तिथली सवलत क्रेडिटांची नसून आपल्याच विद्यापीठात सलग शिकण्याची आहे. एमआयटीचं इलेक्ट्रिकल आणि कॉम्प्युटर सायन्सचं एमईंगही (मास्टर ऑफ इंजिनिअरिंग) तिथल्याच बॅचलर्सच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. इंग्लंडमधल्या चार वर्षांच्या एमईंगमध्ये तर प्रवेशच एकदा होतो आणि शेवटी पदवीही सहसा एकच मिळते. तुम्ही यातलं काय बनवताय हे आधी ठरवा. आम्ही तिन्हींचे नियम एकत्र वाचून प्रस्ताव लिहिला होता आणि तो तसाच दिसत होता.

सामाईक विषय चुकीच्या रकान्यात बसवणं

लक्षण: विद्यार्थ्याने मास्टर्सचे चार विषय घेतले, पण पदवी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने बॅचलर्समध्ये तीनच मोजले.

कारण साधं असतं. बॅचलर्समध्ये कॉम्प्युटर सायन्सच्या ऐच्छिक विषयांच्या जागाच तीन, आणि आपण चार विषय कोंबायला निघालेलो. चौथा कुठे जाणार? मुक्त ऐच्छिकात जागा असेल तर तिकडे, नाहीतर तो बॅचलर्सच्या हिशेबाबाहेर पडतो. इथे कुणीतरी सुचवतं की सक्तीच्या विषयाऐवजी मास्टर्सचा विषय चालवून घेऊ. सांभाळून. विभागाला अबेटची (अभ्यासक्रमांना मान्यता देणारी संस्था) मान्यता असेल तर कॉम्प्युटर सायन्सचे किमान ४० आणि गणिताचे किमान १५ क्रेडिट लागतात, शिवाय ऑपरेटिंग सिस्टीम्स, नेटवर्किंग, आर्किटेक्चर, डेटाबेसचा भाग, पॅरलल आणि डिस्ट्रिब्युटेड कॉम्प्युटिंग यांची ओळख प्रत्येक विद्यार्थ्याला व्हावी लागते. नेटवर्क्सच्या जागी मास्टर्सचं मशीन लर्निंग दिलं तर क्रेडिट जुळतील, पण तेवढ्या विद्यार्थ्यांपुरती मान्यतेची अट मोडेल. ऐच्छिकाच्या बदली ऐच्छिक. सक्तीच्या बदली फक्त त्याच विषयाचं वरचं रूप, तेही लेखी मंजुरीने.

प्रीरिक्विझिटची (आधी पूर्ण करायच्या विषयांची) साखळी न मोजणं

माझ्या मते सगळ्यात महागडी चूक ही. आणि लाजिरवाणीही, कारण टोपॉलॉजिकल सॉर्ट (काय कशाआधी यावं याचा क्रम लावायची पद्धत) आपणच शिकवतो आणि स्वतःच्या कॅटलॉगवर (विषय आणि नियमांची पुस्तिका) मात्र कधी चालवून बघत नाही.

एक साखळी कागदावर घ्या: प्रोग्रॅमिंग एक, प्रोग्रॅमिंग दोन, डेटा स्ट्रक्चर्स, आर्किटेक्चर, ऑपरेटिंग सिस्टीम्स, आणि मग मास्टर्सच्या पातळीचं डिस्ट्रिब्युटेड सिस्टीम्स. सहा विषय, सहा सत्रं. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी विद्यार्थी सामाईक विषयाला पोचला, छान. आता वेळापत्रक उघडा. ऑपरेटिंग सिस्टीम्स फक्त फॉलमध्ये (वर्षाचं पहिलं सत्र; दुसरं ते स्प्रिंग), डिस्ट्रिब्युटेडही फक्त फॉलमध्ये. पहिल्या फॉलला सुरुवात केलेला विद्यार्थी ऑपरेटिंग सिस्टीम्स पाचव्या सत्रात करतो, पण डिस्ट्रिब्युटेडसाठी सातव्यापर्यंत थांबतो. ठीक, अजून बॅचलर्स चालू आहे.

आता त्याच्याच शेजारी बसणारी विद्यार्थिनी घ्या. गणिताच्या चाचणीत कमी पडली म्हणून तिचं प्रोग्रॅमिंग एक दुसऱ्या सत्रात गेलं. एकाच सत्राचा उशीर. तिची ऑपरेटिंग सिस्टीम्सची पाळी सहाव्या सत्रात येते, पण ते स्प्रिंग, विषय नाही. म्हणून सातवं. पुढे डिस्ट्रिब्युटेड आठव्यात हवं, पुन्हा स्प्रिंग, पुन्हा नाही. म्हणजे नववं सत्र, आणि तोवर बॅचलर्सची आठ सत्रं संपलेली. एका सत्राच्या उशिराने दोन सत्रं गेली, आणि हा विषय तिला सामाईक धरताच येत नाही. हुशारीचा याच्याशी काडीचा संबंध नाही.

उपाय दोन. साखळीच्या मध्यावरचा एखादा विषय, बहुतेकदा ऑपरेटिंग सिस्टीम्स किंवा अल्गोरिदम्स, दोन्ही सत्रांत चालवा. यासाठी एक प्राध्यापक लागतो, आणि तो मागायचा तर ट्रॅक मंजूर होण्याआधी मागा. दुसरा उपाय स्वस्त आहे: सामाईक विषयांच्या यादीत अशा आखूड साखळीचे विषय असू द्या ज्यांना डेटा स्ट्रक्चर्स आणि थोडं प्रोबॅबिलिटी पुरतं.

शाळेतूनच एपीचे (शाळेत करता येणारे कॉलेजच्या पातळीचे विषय) क्रेडिट घेऊन आलेल्यांबाबत एक वेगळी फसगत होते. त्यांच्याकडे क्रेडिट भरपूर, म्हणून ते चार वर्षांतच दोन्ही उरकतील असं सगळ्यांना वाटतं. पण ते क्रेडिट इतिहासाचे आणि मानसशास्त्राचे. साखळी तेवढीच लांब राहते.

कोड ४०० की ५००, हे विद्यार्थ्यावर सोडणं

अनेक विभागांत एकच वर्ग दोन क्रमांकांनी चालतो: बॅचलर्ससाठी ४०० च्या घरातला, मास्टर्ससाठी ५०० च्या. तेच प्राध्यापक, तीच खोली, मास्टर्सवाल्यांना एक प्रोजेक्ट जास्त.

आमच्या पहिल्या तुकडीतल्या एका विद्यार्थ्याने तिसऱ्या वर्षी ट्रॅकला अर्ज करायच्या आधी कॉम्प्युटर व्हिजन घेतलं, ४०० च्या कोडने, कारण त्याला तोच दिसत होता. उत्तम ग्रेड. पुढे ट्रॅकमध्ये आल्यावर कळलं की ४०० चा कोड मास्टर्सला चालत नाही. बरं, ५०० ने पुन्हा घेतो म्हणाला, तर तो विषय आधीच झालेला, पुनरावृत्ती चालणार नाही. ज्या विषयात त्याला पुढे काम करायचं होतं, तोच त्याच्या मास्टर्समधून बाद. फॉर्मवर सह्या घेत तो चार ऑफिसं फिरला, आणि चारही ठिकाणी नियम बरोबरच सांगितला गेला.

म्हणून प्रवेशाचा निर्णय सामाईक विषयांच्या नोंदणीआधी लागला पाहिजे. पाचव्या सत्रात अर्ज, सहाव्याच्या नोंदणीआधी उत्तर, असं वेळापत्रक बसतं. आणि कॅटलॉगमध्ये एक सरळ तक्ता छापा: या ट्रॅकचा विचारही करत असाल तर हे विषय कुठल्या कोडने घ्यायचे.

‘ग्रॅज्युएट’ कोणत्या दिवशी होतो, हे न लिहिणं

रजिस्ट्रार ऑफिसच्या सिस्टीममध्ये विद्यार्थी सहसा एका वेळी एकाच पातळीवर असतो: बॅचलर्सच्या किंवा ग्रॅज्युएट, म्हणजे मास्टर्सच्या. तो कोणत्या दिवशी पलीकडे जातो यावर फी, शिष्यवृत्ती, कर्ज आणि व्हिसा सगळं टांगलेलं असतं, आणि प्रस्तावात नेमकी हीच ओळ नसते.

बॅचलर्स पदवी हातात पडली की पेल ग्रँट (गरजू विद्यार्थ्यांचं सरकारी अनुदान) बंद होते. मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना सरकारी अनुदानित व्याजाचं कर्ज १ जुलै २०१२ पासून मिळतच नाही. विद्यापीठाची स्वतःची शिष्यवृत्ती अनेकदा आठ सत्रांची. म्हणजे घाईने चौथ्या वर्षीच पातळी बदलली, तर गरजू विद्यार्थ्याच्या ताटातला घास आपणच काढतो. उलट दोन्ही पदव्या शेवटी एकदमच दिल्या, तर पाचव्या वर्षी टीचिंग असिस्टंटची जागा मिळायला अडचण येते, कारण ती साधारणपणे ग्रॅज्युएट विद्यार्थ्यालाच देतात. एफ-वन या विद्यार्थी व्हिसावरच्यांना ओपीटीचे (शिक्षणाशी निगडित तात्पुरतं काम करायची परवानगी) १२ महिने दर पदवी-पातळीला मिळतात; दोन्ही पदव्या एकाच दिवशी आल्या तर बॅचलर्सच्या पातळीची संधी जवळपास वाया जाते.

सगळ्यांना सोयीची अशी एकच तारीख नाही. बॅचलर्स आधी, चौथ्या वर्षाच्या शेवटी, हा माझ्या मते बरा मार्ग, कारण पुढे काही बिनसलं तरी एक पदवी खिशात असते. पण निवड काहीही असो, आर्थिक मदत कार्यालय आणि आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला पहिल्या मसुद्यालाच बोलवा. आम्ही त्यांना मंजुरीनंतर बोलावलं. बैठक छोटी झाली आणि फार अप्रिय झाली.

नापास न होताही अडकणारा विद्यार्थी

सामाईक विषयात सी आला. बॅचलर्सला तो पास आहे. मास्टर्सला, बी किंवा वर हवा असा नियम असेल तर, नाही. विद्यार्थ्याला कुणी सांगत नाही, कारण त्याच्या बॅचलर्सच्या पानावर हिरवी खूण आहे. शेवटच्या सत्रात पदवीचा अर्ज केल्यावर तीन क्रेडिट कमी निघतात.

पदवी तपासणीच्या सॉफ्टवेअरमध्ये मास्टर्सचं पान पहिल्या सामाईक विषयापासूनच उघडं ठेवा आणि ग्रेड लागल्याच्या आठवड्यात अॅडव्हायझरकडून एक ईमेल जाऊ द्या. एवढ्याने भागतं.

याच्याच जोडीला बाहेर पडायची वाट. कुणाला नोकरी लागते, कुणाला दुसऱ्या विद्यापीठात पीएचडी मिळते, कुणाला घरी परतावं लागतं. त्याला कोणत्याही सत्राला, एकही जादा विषय न घेता, साधी बॅचलर्स घेऊन जाता आलं पाहिजे. आणि त्याला आधीच सांगा की बॅचलर्समध्ये वापरलेले क्रेडिट दुसरं विद्यापीठ आपल्या मास्टर्ससाठी सहसा धरत नाही.

पीएचडीकडे डोळे असलेल्यांसाठी आणखी एक गोष्ट. नुसत्या विषयांचं मास्टर्स बारा महिन्यांत होतं, थीसिस होत नाही. थीसिसचा पर्याय ठेवायचा असेल तर मार्गदर्शक चौथ्या वर्षाच्या सुरुवातीला ठरला पाहिजे.

मंजुरीआधीची चाचणी

तीन कागदी विद्यार्थी बनवा. पहिला सगळं वेळेवर करणारा; तो कुठल्याही नियमावलीतून पार होतो, त्याचा उपयोग कमीच. दुसरी वर सांगितलेली, एक सत्र मागे पडलेली. तिसरा दुसऱ्या वर्षी बाहेरच्या कॉलेजातून आलेला, एका सामाईक विषयात सी घेतलेला आणि नवव्या सत्रात सोडून जाणारा. तिघांची सत्रवार पत्रकं रजिस्ट्रार ऑफिसातल्या अनुभवी माणसाकडे न्या आणि म्हणा, याला पदवी देऊन दाखवा. आमच्या सुधारलेल्या आराखड्यातही तिसऱ्याच्या पत्रकावर लाल पेनाने एक प्रश्न आला होता: मधल्या काळात विभागाने मास्टर्सच्या अटी बदलल्या तर याला कोणत्या वर्षाचा कॅटलॉग लागू? ट्रॅकमध्ये प्रवेश मिळाला त्या वर्षाचा, असं उत्तर आम्ही तिथेच टेबलावर लिहून दिलं.