जुने बोन्साय घ्यावे का? पारख उन्हाळ्यात, खरेदी आर्द्रा लागल्यावर

इंदूर परिसरातील लहान रोपवाटिकाचालक आणि गच्चीवर बाग करणारी मराठी कुटुंबे यांच्यासाठी वैशाख-ज्येष्ठातील हा सल्ला आहे. पूर्ण तयार झालेले जुने बोन्साय घ्यायचे असेल, तर त्याची पारख भर उन्हाळ्यात करावी. पैसे मात्र आर्द्रा नक्षत्राचा पाऊस स्थिरावल्यावरच द्यावेत. पावसाळ्यात बहुतेक झाडे हिरवीगार दिसतात आणि मुळांतील खोट पालवीआड लपते. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेलेला असताना जे सदाहरित झाड पाने न गाळता तग धरते, त्याच्या मुळांवर विश्वास ठेवता येतो. तेच झाड त्याच आठवड्यात रोपवाटिकेच्या हिरव्या जाळीखालून काढून तापलेल्या गच्चीवर ठेवले, तर ते दगावण्याची भीती असते. मालव्याच्या उन्हाळी रात्री सुखद असतात हे खरे. पण उथळ कुंडीतील माती दुपारच्या कोरड्या वाऱ्यात काही तासांतच वाळते.

पाहणी बुंध्यापासून सुरू करावी. मुळे चहूबाजूंनी पसरून मातीत शिरलेली असावीत आणि खोड वर जाताना निमुळते होत गेलेले असावे. खोड हलक्या हाताने हलवल्यावर झाड डुलले, तर कुंडी नुकतीच बदलली आहे असे समजावे. फांद्यांना वळण देण्यासाठी गुंडाळलेली तार सालीत रुतली असेल, तर तिचे वळ वर्षानुवर्षे जात नाहीत. खोडावर मुंग्यांची रांग दिसली, तर पानांच्या बेचक्यांत पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड शोधावी. मातीवर खडे चिकटवून बसवले असतील, तर पाणी नीट मुरत नाही. कुंडी तिरपी करून खालची छिद्रे मोकळी आहेत का, हेही पाहावे.

विक्रेता सांगतो ते वय पडताळता येत नाही, म्हणून वयावर किंमत ठरवू नये. उथळ कुंडीत खोड फार सावकाश जाड होते. जाड बुंध्याची झाडे बहुधा आधी जमिनीत वाढवून मग छाटलेली असतात, आणि आपण दाम मोजतो ते जमिनीत वाढण्याच्या त्या वर्षांचे. फुगीर मुळांवर कलम केलेला फायकस (वडवर्गीय झाड) पुष्कळदा जुने बोन्साय म्हणून दाखवला जातो. तो टिकाऊ आहे, पण त्याला जुन्या वडाची किंमत देऊ नये. वड, पिंपळ, नांद्रुक, चिंच, बोगनवेल ही झाडे आपल्या हवेत रमतात. मेपल आणि थंड प्रदेशातील पाइन यांना हिवाळ्यात दीर्घ सुप्तावस्था लागते. ती येथे मिळत नाही, म्हणून ही झाडे घेऊच नयेत.

उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ पाणी कोण घालणार, हे घरात आधी ठरवावे. सुट्टीत पंधरा दिवस घर बंद राहणार असेल आणि शेजारी जाणकार नसेल, तर त्या घराने जुने बोन्साय घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्यांच्याकडे शेत आहे, त्यांनी जुन्या भिंतीत उगवलेले वडा-पिंपळाचे रोप मालकाला विचारून पावसाळ्यात अलगद काढावे आणि बांधालगत चार-पाच वर्षे वाढवावे. खर्च नाममात्र येतो आणि बुंधा भरदार होतो.

खरेदीनंतर झाड तीन-चार आठवडे भरपूर उजेडाच्या सावलीत ठेवून हळूहळू उन्हात आणावे. कुंडी लगेच बदलू नये. वडवर्गीय झाडांसाठी पुढचा फेब्रुवारीचा उत्तरार्ध योग्य आहे. त्या वेळी आपली काळी माती वापरू नये, कारण ती ओली असताना फुगते, वाळल्यावर तडकते आणि बारीक मुळे तुटतात. विटांचे चाळलेले तुकडे, जाड वाळू आणि थोडे कुजलेले शेणखत असे मिश्रण घ्यावे.