पाहिले, ऐकले, वाचले: वर्षाचा आढावा कसा लिहावा

डिसेंबर उजाडला की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांमध्ये वर्षातील उत्तम चित्रपट, नाटके आणि पुस्तके यांच्या याद्या येऊ लागतात. त्या समीक्षकांनी कलाकृतींचे मोल ठरवण्यासाठी केलेल्या असतात आणि त्यांचे महत्त्व आहेच. आपण स्वतःसाठी लिहायचा आढावा मात्र अनुभवांचा असावा. यंदा कशाने आपल्याला धरून ठेवले, कशामुळे रात्री उशिरापर्यंत बोलत बसलो, कोणते गाणे कामाच्या मध्येच ओठांवर येत राहिले, याचा तो शोध असतो.

सुरुवात कोऱ्या कागदाने करावी. मोबाइल दूर ठेवून केवळ आठवणीतून यादी लिहावी. महिन्यांच्या नावांनी आठवू लागलो तर नुकतेच पाहिलेलेच पुढे येत राहते, म्हणून घरातल्या घडामोडींचा आधार घ्यावा. मुलांची परीक्षा संपल्यावर सगळ्यांनी मिळून काय पाहिले, पावसात लोकल खोळंबली तेव्हा कानात काय वाजत होते, गणपतीत गावी जाताना गाडीत कोणते गाणे पुन्हा पुन्हा लावायला सांगितले, दिवाळी अंकातली कोणती कथा मुद्दाम कोणाला तरी वाचायला दिली, असे प्रश्न विचारले की आठवणी भराभर सुचतात. नाव आठवले नाही तर जे आठवते तेच लिहावे. ‘दोन बहिणींची ती मालिका’ एवढेही तूर्त पुरते.

ही यादी पूर्ण झाल्यावरच नोंदींकडे वळावे. नेटफ्लिक्सच्या खात्यात प्रत्येक प्रोफाइलवर काय पाहिले ते तारखांसह दिसते आणि ती यादी डाउनलोडही करता येते. यूट्यूबवर इतिहास बंद केलेला नसेल तर तिथेही माग लागतो, आणि ऑनलाइन काढलेली तिकिटे ईमेलमध्ये सापडतात. नाट्यगृहाच्या खिडकीवर रोख पैसे देऊन काढलेल्या तिकिटाची मात्र अशी नोंद कुठेच राहत नाही. तिथे त्या दिवशीचा एखादा फोटो किंवा सोबत आलेल्या व्यक्तीची आठवणच कामी येते, म्हणून तिला अवश्य विचारावे.

स्पॉटिफायच्या वार्षिक गोषवाऱ्यावर फार विसंबू नये. तो साधारणतः नोव्हेंबरअखेरीस किंवा डिसेंबरच्या आरंभी येतो, त्यामुळे वर्षाचे शेवटचे आठवडे त्यात नसतात. शिवाय तो फक्त त्या एका ॲपवर वाजलेलेच मोजतो. लहान मुलाला झोपवण्यासाठी रोज लावलेली अंगाई त्यात सर्वांत वर येईल आणि पुण्यात सवाई गंधर्व महोत्सवात भारतीय बैठकीवर बसून ऐकलेला राग त्यात कुठेच नसेल. पंडित भीमसेन जोशी यांनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेला हा महोत्सव डिसेंबरमध्ये भरतो, म्हणजे गोषवारा येऊन गेलेला असतो आणि वर्षातले कदाचित सर्वांत मोठे ऐकणे अजून व्हायचे असते.

आता दोन्ही याद्या शेजारी ठेवाव्यात. माझ्या मते आढाव्याचा खरा ऐवज इथेच मिळतो. नोंदींत तासन्‌तास पाहिल्याचे दिसते पण आठवणींच्या यादीत जिचे नावही आले नाही, अशी मालिका निःशंकपणे वगळावी. उलट ज्याची नोंद कुठेच नाही आणि तरीही जे न सांगता आठवले, त्याला आधी जागा द्यावी.

कोणती कलाकृती कोणत्या वर्षाची, हा प्रश्न हमखास येतो. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ सप्टेंबर २०१४ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला आणि आपल्याकडच्या चित्रपटगृहांत एप्रिल २०१५ मध्ये आला. त्यांचाच ‘द डिसायपल’ २०२० मध्ये व्हेनिसला होता आणि नेटफ्लिक्सवर एप्रिल २०२१ मध्ये आला. समीक्षकाला इथे प्रदर्शनाची तारीख पाहावी लागते, परंतु आपण ज्या वर्षी पाहिले तेच आपले वर्ष मानावे. त्यामुळे पन्नास वर्षांपूर्वीचा कृष्णधवल चित्रपटही यंदाच्या आढाव्यात हक्काने येतो, आणि गेल्या दिवाळीचा अंक उन्हाळ्यात वाचला असेल तर तोही येतो. पुन्हा पाहिलेले नाटक किंवा चित्रपट या वेळी काही वेगळे दिसले असेल तरच घ्यावा.

निवड दहाच्या आत ठेवावी आणि क्रमांक देऊ नयेत. एखाद्या बंदिशीला पाचवा आणि गुन्हेगारी मालिकेला चौथा क्रमांक देण्यात दोन्हींवर अन्याय होतो.

सर्वाधिक वेळ प्रत्यक्ष लिहिण्याला द्यावा. ‘अप्रतिम नाटक, सर्वांचा अभिनय उत्तम’ अशी नोंद दोन वर्षांनी वाचली तर काहीच हाती लागत नाही. समजा, त्या नाटकात आई मुलाशी बोलता बोलता कपड्यांच्या घड्या घालत होती. मग असे लिहावे: ‘दुसऱ्या अंकात मुलगा परदेशी जाण्याची तारीख सांगतो, तेव्हा ती त्याच्या शर्टाची घातलेली घडी मोडते आणि पुन्हा घालू लागते. उत्तर देत नाही. शेजारी बसलेल्या काकूंनी चष्मा काढून पुसला.’ इथे कौतुकाचे विशेषण एकही नाही, तरी प्रयोग डोळ्यांपुढे उभा राहतो. प्रत्येक नोंदीत असा एक क्षण, पाहण्याचे ठिकाण आणि सोबत कोण होते, एवढे आले पाहिजे. आवडण्याचे कारण सापडत नसेल तर घाईने ‘मनाला भिडले’ असे लिहून मोकळे होऊ नये. दोन दिवस थांबून तो क्षण पुन्हा आठवावा, कारण बहुधा त्यातच असते.

आढावा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पूर्ण करावा, म्हणजे वर्षअखेरच्या सुट्टीतले नाटक किंवा मैफल सुटत नाही. तो समाजमाध्यमावर टाकला तरी त्याची एक प्रत वहीत उतरवून ठेवावी. त्याच वहीच्या पुढच्या पानावर नव्या वर्षाची नोंद सुरू करून प्रत्येक वेळी तारीख, ठिकाण, सोबत आणि एक ओळ, इतकेच त्याच रात्री लिहावे.