बोअरच्या पाण्याचा नायट्रेट रिपोर्ट वाचताना

शेतातल्या बोअरचं पाणी नितळ, चवीला गोड असलं तरी त्यात खताचं नायट्रेट उतरलंय का, हे तपासल्याशिवाय कळत नाही. आणि तपासूनही बरेचजण आकडा चुकीचा वाचतात.

१. आधी मोटर दहा मिनिटं चालू द्या. पाइपात साचलेलं पाणी नेलंत तर तपासणीचे पैसे वाया.

२. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरा. बर्फात ठेवून शक्यतो त्याच दिवशी प्रयोगशाळेत द्या.

३. रिपोर्टवर ‘नायट्रेट’ आहे की ‘नायट्रेट-नायट्रोजन’ (म्हणजे नायट्रेटमधल्या फक्त नायट्रोजनचं वजन), ते बघा. खरी गोम इथेच आहे. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या भारतीय मानकातली मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, ती नायट्रेटची. रिपोर्ट नायट्रोजनमध्ये असेल तर आकड्याला ४.४३ ने गुणा. १२ बघून हायसं वाटतं, पण गुणल्यावर होतात ५३!

पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं. साधा कँडल फिल्टरही उपयोगाचा नाही, आरओसारखी यंत्रणा लागते. मर्यादेच्या वर आकडा असेल तर सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची दूध पावडर या पाण्यात मुळीच कालवू नका.