पिंग होतंय, पण लेव्हल शून्यच

दोन पीएलसी (कारखान्यातली यंत्रं चालवणारे छोटे संगणक) एकमेकांशी बोलते करायचं काम पहिल्यांदा माझ्याकडे आलं तेव्हा वाटलं होतं, केबल लावायची, आयपी द्यायचा, तासाभरात मोकळं. एका बाजूला सीमेन्सचा एस७-१२००, दुसरीकडे वेगळ्या कंपनीचा कंट्रोलर, मध्ये मॉडबस टीसीपी, म्हणजे नेटवर्कवरून आकडे मागण्या-देण्याची त्यांची सामायिक भाषा. दोन्ही पोर्टचे दिवे लुकलुकत होते, पिंग (समोरचा नेटवर्कवर उत्तर देतो का याची चाचणी) होत होतं, आणि स्क्रीनवर टाकीची लेव्हल मात्र ०.०. त्या ०.० ने माझे दोन दिवस खाल्ले.

पिंग झालं म्हणजे फक्त रस्ता मोकळा आहे एवढंच कळतं. समोरचा मॉडबस सर्व्हर चालू आहे का, ५०२ हा पोर्ट उघडा आहे का, हे त्यातून कळत नाही. माझ्याकडे तेही ठीक होतं. मग संशय पत्त्यावर, म्हणजे समोरच्या कोणत्या रजिस्टरमधून (१६ बिटांचा एक आकडा ठेवायचा खण) वाचायचं त्यावर. मॅन्युअलमध्ये ४०००१ लिहिलेलं असतं, पण प्रत्यक्ष केबलवरून ० जातो. एस७-१२०० च्या मॉडबस ब्लॉकला (प्रोग्रॅमचा तयार तुकडा) सरळ ४०००१ दिला तरी चालतं, काही कंट्रोलरना ० च हवा असतो. एका रजिस्टरची ही चूक सगळेच कधी ना कधी करतात. मीही केली होती, पण त्या दिवशी नव्हे.

शेवटी समोरच्या बाजूने लेव्हलच्या जागी १००.० ही ठरलेली व्हॅल्यू टाकायला सांगितली आणि माझ्याकडे आलेली दोन रजिस्टर कच्ची, साध्या आकड्यांत उघडली. पहिल्यात ०, दुसऱ्यात १७०९६. खरं तर १००.० हा रिअल (दशांश) आकडा दोन रजिस्टरांत बसतो, म्हणजे आधी १७०९६, मग ०. समोरचा कंट्रोलर दोन्ही रजिस्टर उलट्या क्रमाने पाठवत होता. उलटे जोडले की इतका सूक्ष्म आकडा तयार होतो की स्क्रीनवर शून्यच दिसतं. दोन ओळींत अदलाबदल केली आणि लेव्हल आली. तेव्हापासून रिअल व्हॅल्यू आधी कच्ची बघितल्याशिवाय मी पुढे जात नाही.

दुसरी गंमत एररची. सीमेन्सच्या मॉडबस क्लायंट ब्लॉकमध्ये एरर बिट एका स्कॅनपुरताच (प्रोग्रॅमच्या एका फेरीपुरताच) वर येतो. ऑनलाइन बघत बसलात तर तो डोळ्यांना दिसणारच नाही आणि तुम्ही ‘एरर तर काहीच नाही’ म्हणत राहाल. एरर आली की स्टेटस कोड (काय चुकलं ते सांगणारा आकडा) वेगळ्या वर्डमध्ये, म्हणजे मेमरीच्या वेगळ्या जागी, धरून ठेवा. आणि एकाच कनेक्शनवर चार रिक्वेस्ट एकदम सोडू नका. एकीचं डन (काम झालं) किंवा एरर आलं की मगच पुढची.

दोन्ही सीमेन्सच असतील तर पुट-गेट (समोरच्या पीएलसीत थेट लिहायची-वाचायची सीमेन्सची सोय) सोपं पडतं, कारण प्रोग्रॅम एकाच बाजूला लिहावा लागतो. मात्र एस७-१२०० किंवा १५०० मध्ये समोरच्या सीपीयूच्या प्रोटेक्शन सेटिंगमध्ये त्याला परवानगी द्यावी लागते, आणि ज्या डेटा ब्लॉकमधून (आकडे साठवायची जागा) वाचायचं त्याचा ऑप्टिमाइज्ड ॲक्सेस बंद करावा लागतो, म्हणजे आकडे ठरलेल्या पत्त्यावर राहतात. नेटवर्कऐवजी आरएस-४८५ ही अनेक डिव्हाइस जोडणारी सिरियल लाइन असेल तर बॉड रेट (वेग) आणि पॅरिटी (चूक पकडायचा बिट) दोन्हीकडे सारखी, १२० ओहमचा रेझिस्टर लाइनच्या फक्त दोन टोकांना. मधल्या डिव्हाइसवर चुकून चालू राहिलेला टर्मिनेशन स्विच (हाच रेझिस्टर जोडणारा) शोधण्यात माझा एक रविवार गेला आहे.

एवढं सगळं जमल्यावर मी एकदा फसलो ते वेगळ्याच गोष्टीत. कनेक्शन रात्री तुटलं, लेव्हल मात्र ६२ वरच थिजून राहिली, कारण डेटा ब्लॉकमध्ये शेवटची व्हॅल्यू तशीच राहते. पंपाला वाटलं टाकीत जागा आहे. सकाळी मजला धुतलेला होता.

आता दर लिंकवर हार्टबीट ठेवतो: समोरचा दर सेकंदाला एक आकडा वाढवतो, पाच सेकंद तो बदलला नाही की माझ्याकडे अलार्म आणि पंप बंद. कमिशनिंगच्या (यंत्रणा पहिल्यांदा चालू करून ताब्यात द्यायच्या) दिवशी ऑपरेटरच्या समोर केबल उपसतो. अलार्म आला नाही तर त्या लिंकच्या रिपोर्टवर सही करत नाही.