इलेक्ट्रिक ग्रिल घ्यायचं की नाही, दुकानात जायच्या आधी कसं ठरवायचं

नागपुरात सक्करदऱ्याला माझं दुरुस्तीचं दुकान आहे. मिक्सर, इस्त्री, गीझर, कूलरची मोटर, जे येईल ते. गेल्या काही वर्षांत त्यात ओट्यावर ठेवायच्या इलेक्ट्रिक ग्रिलची भर पडली. लग्नात नाहीतर दिवाळीत भेट मिळालेलं ग्रिल घेऊन लोक येतात आणि हमखास विचारतात, "भाऊ, हे कामाचं आहे काय? की देऊन टाकू कुणाला?" नवीन घ्यायचं असेल तरी आधी मलाच विचारायला येतात. प्रत्येकाला काउंटरवर उभं ठेवून सांगण्यात गिऱ्हाइकाचा वेळ जातो, म्हणून इथे सगळं लिहून ठेवतो. माझ्या घरी सात वर्षांपासून ग्रिल आहे आणि आठवड्यातून तीन-चारदा चालतं, त्यामुळे स्वयंपाकाचंही सांगतो.

आधी हे समजून घ्या की ग्रिल म्हणजे तंदूर नाही. तंदूरची भट्टी ४०० अंशांच्या वर तापते. घरगुती ग्रिलची प्लेट साधारण २०० ते २३० अंशांपर्यंत जाते आणि तिथे थर्मोस्टॅट तिला थांबवतो. एवढ्या उष्णतेत पनीरला, चिकनला छान तांबूस रंग येतो, बाहेरून खरपूस होतं. पण धूर नाही आणि जाळही नाही. म्हणून भरताचं वांगं याच्यावर करायला जाऊ नका. ज्याने तुऱ्हाट्यांच्या किंवा पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्याचं भरीत खाल्लं आहे, त्याला ग्रिलवरचं वांगं उकडल्यासारखं लागेल. रोडगे गोवऱ्यांच्या निखाऱ्यातलेच. फुटाळा तलावावर पावसात उभं राहून खातो ते कणीसही कोळशावरचंच. भाकरी, पोळी, फोडणीचं काहीही ग्रिलवर होत नाही. या गोष्टींसाठी घेत असाल तर पैसे वाचवा.

मग घ्यायचं कुणी? त्यासाठी मी गिऱ्हाइकांना एक काम सांगतो. दुधाची खूण करता त्या कालनिर्णयावरच पंधरा दिवस आणखी एक खूण करा. घरात टोस्ट-सँडविच, पनीर टिक्का, बिनहाडाचं चिकन, वांग्याचे किंवा सुरणाचे काप, कटलेट, साबुदाण्याचं थालीपीठ, यातलं काहीही तव्यावर केलं की त्या तारखेला टीक. पंधरा दिवसांत सहा टिका झाल्या तर ग्रिल घ्या, ते वापरलं जाईल. दोन-तीनच झाल्या तर इतवारीत जाऊन चांगला जड बिडाचा तवा घ्या. तो नातवंडांनाही पुरेल. 'घेतलं की करू' हा हिशेब धरू नका. असं म्हणून घेतलेलीच ग्रिल माझ्याकडे तीन वर्षांनी नव्यासारखी येतात, फक्त आत झुरळांनी घर केलेलं असतं.

आता नागपूरचं एक खास कारण सांगतो, जे मला स्वतःला घेतल्यावर कळलं. मे महिन्यात पारा ४५ च्या वरही जातो. स्वयंपाकघरात गॅस चालू असला की पंखा लावता येत नाही आणि कूलरचा झोत आत घेतला की बर्नर फडफडतो, कधी विझतोही. माझी बायको वीस वर्षं पदराने घाम पुसत पोळ्या करत आली आहे. ग्रिलला ज्योत नाही, त्यामुळे वारा त्याचं काही बिघडवत नाही. आमच्याकडे एप्रिल लागला की ग्रिल स्वयंपाकघरातून उठतं आणि समोरच्या खोलीत कूलरसमोर टेबलावर येतं. पोळ्या सकाळीच करून ठेवायच्या आणि रात्री कूलरच्या हवेत बसून पनीर नाहीतर काप भाजायचे. उन्हाळ्यातल्या त्या अडीच महिन्यांसाठीच मी म्हणेन की आमचे पैसे वसूल झाले. फक्त कूलरच्या पाण्याचे तुषार ग्रिलवर येतील इतकं जवळ ठेवू नका, आणि कूलर व ग्रिल एकाच एक्स्टेंशनवर तर अजिबात नको.

वीजबिलाची भीती बऱ्याच जणांना असते. हिशेब सोपा आहे. १००० वॉटचं उपकरण सलग एक तास चाललं की एक युनिट. १००० वॉटचं ग्रिल अर्धा तास लावलं तर जास्तीत जास्त अर्धा युनिट, आणि थर्मोस्टॅट मधूनमधून बंद करत असल्यामुळे त्याहूनही कमी. एवढ्याने बिल फुगत नाही. पण महावितरणचं घरगुती बिल टप्प्यांनी वाढतं. १०० युनिटांपर्यंत एक दर, १०१ ते ३०० चा दुसरा, ३०० च्या वर आणखी चढा. मे महिन्यात कूलर-एसीमुळे तुम्ही आधीच वरच्या टप्प्यात असाल, तर ग्रिलचं युनिटही त्याच महाग दराने लागतं. आपल्या मागच्या बिलावर शेवटचा टप्पा कोणता लागला ते पाहून गुणाकार करा.

दुकानात जायच्या आधी घरातला सॉकेट बघा. याकडे कुणी बघत नाही आणि माझ्याकडे येणारे निम्मे बिघाड इथूनच सुरू होतात. लहान पिनचा सॉकेट ६ अँपिअरचा असतो. २३० व्होल्टला ६ ने गुणलं की १३८० वॉट, म्हणजे त्यापुढचा भार त्याने घेऊ नये. मोठ्या पिनचा पॉवर सॉकेट १६ अँपिअरचा. बाजारात ७५० वॉटपासून २००० वॉटपर्यंतची ग्रिल मिळतात. २००० वॉटचं ग्रिल जवळजवळ पावणेनऊ अँपिअर ओढतं. त्याला कन्व्हर्टर लावून लहान सॉकेटमध्ये घातलं की पंधरा-वीस दिवसांत सॉकेटची भोकं पिवळी पडतात, मग तपकिरी, मग प्लॅस्टिक जळाल्याचा वास. ओट्याजवळ १६ अँपिअरचा पॉइंट नसेल तर आधी चार चौरस मिलिमीटरची वायर टाकून तो करून घ्या, नाहीतर १००० वॉटच्या आसपासचंच ग्रिल घ्या. चार माणसांच्या घराला ते पुरतं.

प्रकार मुख्य दोन. एक, पुस्तकासारखं मिटणारं, वरखाली दोन तापणाऱ्या प्लेटा. दुसरं उघडं, जाळीखाली कॉइल आणि त्याखाली पाण्याचा ट्रे. उघड्यावर एकच बाजू भाजते, वेळ दुप्पट लागतो, आणि ट्रेमधलं पाणी आटलं की गळणारी चरबी जळून घरभर धूर होतो. माझं मत स्पष्ट आहे: घरासाठी मिटणारंच घ्या. त्रिकोणी खाचांचा सँडविच टोस्टर वेगळी वस्तू आहे, त्यात ब्रेडशिवाय काही धड होत नाही. त्याला ग्रिल समजून घेऊ नका.

दुकानात पेटी उघडायला लावा. ग्रिल उलटं करून खालच्या पट्टीवर वॉट वाचा. प्लेटा निघतात का बघा, कारण निघणाऱ्या प्लेटा नळाखाली धुता येतात, चिकटवलेल्या धुता येत नाहीत. उचलून बघा, जड असलेलं चांगलं, जाड प्लेट थंड पनीर ठेवलं तरी लगेच निवत नाही. मग खिशातून वर्तमानपत्राची घडी काढा, प्लेटांमध्ये ठेवून झाकण मिटा आणि चारही कोपऱ्यांतून हळूच ओढा. मागून घट्ट आणि पुढून सैल असेल तर वरची प्लेट समांतर बसत नाही, जाड पदार्थ एका बाजूने कच्चा राहील. बिजागरी वरखाली सरकणारी हवी. तापमानाची कळ असलेलं घ्या, नुसत्या दिव्याचं नको.

आणि एक गोष्ट अगदी जवळून बघा, बिजागरीतून वरच्या प्लेटला जाणारी वायर. झाकण उघडलं-मिटलं की प्रत्येक वेळी ती वाकते. माझ्याकडे 'वरचं तापत नाही' म्हणून आलेलं ग्रिल उघडलं की तिथेच तांब्याचे तार एकेक करून तुटलेले दिसतात, वरचं आवरण मात्र साबूत असतं. चांगल्या ग्रिलमध्ये या वायरला काचधाग्याची बाही असते आणि वळायला ऐसपैस जागा असते. वायर ताणून बसवलेली दिसली तर ते ग्रिल परत ठेवा.

घरी आणल्यावर पहिल्यांदा प्लेटा ओल्या कपड्याने पुसा, खिडकी उघडा आणि दहा मिनिटं रिकामं तापवा. थोडा धूर आणि वास येतो, तो कारखान्यातल्या तेलाचा. त्यानंतर मात्र कधीही रिकामं तापत ठेवून विसरू नका. थर्मोस्टॅट बिघडला तर प्लेट तापतच जाते, आणि नॉनस्टिकचा थर २६० अंशांच्या वर खराब होऊ लागतो आणि त्याची वाफ पक्ष्यांना घातक असते. घरात लव्हबर्डचा पिंजरा असेल तर तो स्वयंपाकघरात ठेवू नका.

पनीरचं सांगतो, कारण फसतं तेच. दही चक्क्यासारखं बांधून पाणी काढलेलंच घ्या. पाव किलो पनीरला चार चमचे चक्का, एक चमचा कोरडं भाजलेलं बेसन, आलं-लसूण, तिखट, मीठ, कसुरी मेथी. तुकडे बोटाच्या जाडीचे, सगळे सारख्या उंचीचे, कारण वरची प्लेट सगळ्यात उंच तुकड्यावर टेकते आणि बाकीच्यांना शिवतही नाही. ग्रिल आधी तापू द्या. थर्मोस्टॅट टक् वाजून दिवा बदलला की प्लेटला तेलाचा हात, तुकडे ठेवा, झाकण मिटा आणि तीन मिनिटं उघडू नका. मधे उघडलं की वाफ निघते आणि मसाला प्लेटलाच राहतो. चौथ्या मिनिटाला प्लेटच्या रेघा उठतात, काढा. जास्त ठेवलं की पनीर चामड्यासारखं होतं. धूर हवाच असेल तर ताटलीत मधोमध वाटी, त्यात लाल कोळसा, वर अर्धा चमचा तूप, दोन मिनिटं झाकण. खिडकी उघडी ठेवून करा.

चिकन बिनहाडाचंच घ्या, मांडीचं, लाटण्याने थोडं ठोकून सपाट केलेलं. सहा ते आठ मिनिटं लागतात. सगळ्यात जाड तुकडा कापून बघा, आत गुलाबी दिसलं तर परत ठेवा. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर मध्यभागी ७४ अंश हवेत. हाडासकट तंगडी यावर करू नका, प्लेट हाडावर टेकते आणि मांस कच्चं राहतं. सावजीचा रस्सा तर पातेल्यातच, तो प्रश्नच नाही. वांग्याचे काप मात्र सुरेख होतात: अर्धा सेंटिमीटर जाड, तिखट-मीठ-आमचूर लावून रव्यात घोळवलेले, पाच मिनिटं. तेल तव्याच्या चौथाईत भागतं.

काम झालं की पिन काढा. प्लेट कोमट असताना पिळलेला ओला कपडा मधे ठेवून झाकण मिटा, पाच मिनिटांत वाफेने सगळं सुटतं, लाकडी उलथण्याने काढा. आमचं पहिलं ग्रिल मी स्वतः तारेच्या घासणीने घासून तीन महिन्यांत उतरवलं होतं, कोटिंग सोलून निघालं. ते घरी परत चढवता येत नाही.

राहिला पावसाळा, आणि इथे मला कळकळीने बोलायचं आहे. हीटिंग एलिमेंटच्या नळीत मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड भरलेली असते. ती ओल शोषते. जुलै-ऑगस्टमध्ये खालच्या कपाटात पडून राहिलेलं ग्रिल गणपतीत बाहेर काढलं की लावताक्षणी आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच, पडतो. मागच्या वर्षी मानेवाड्याहून एक काकू असंच ग्रिल घेऊन आल्या. वर त्या म्हणाल्या, "आता नाही पडत तो स्विच, शेजारच्या पोरानं पिनचा जाड पाय कापून दिला." मी मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं यंत्र, लावला तर इन्सुलेशन जवळजवळ शून्य दाखवत होतं. म्हणजे ग्रिलच्या धातूच्या अंगावर करंट उतरत होता आणि तो जमिनीत नेणारी एकमेव वायर कापलेली होती. काकू ओल्या हाताने झाकण उघडत होत्या. घरात आरसीसीबी नसता तर काय झालं असतं ते मी त्यांना तिथेच सांगितलं, त्या स्टुलावर बसून राहिल्या. मी एलिमेंट सुकवलं, परत मेगर लावला, नवीन तीन पिनचा प्लग बसवला आणि मगच ग्रिल दिलं.

आरसीसीबी पडला की ग्रिल खराब झालं असं नाही, पण तो का पडला हे कळेपर्यंत ते लावू नका. अर्थिंगची जाड पिन कापू नका, दोन पिनच्या कन्व्हर्टरमध्ये घालू नका. पावसाळ्यात ग्रिल खालच्या कपाटात न ठेवता वरच्या फळीवर ठेवा, प्लेटांमध्ये वर्तमानपत्र घाला, आणि दर पंधरा दिवसांनी पाच मिनिटं समोर उभं राहून तापवा. त्या दिवशी पोरांना दोन सँडविच करून द्या, म्हणजे वीजही वाया जात नाही.